दाणा आणि कडबा

सोमवारी आणि शुक्रवारी आमच्या घरात कुकरची शिट्टी होत नाही. व्रतबित काही नाही. सोमवारी साडेदहा ते साडेअकरा माझा कॉल असतो, शुक्रवारी अकरा ते बारा, आणि या वेळा सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. एकतर त्या नऊलाच कुकर लावून मोकळ्या होतात, नाहीतर शिट्टी होण्याच्या बेतात आली की गॅस बारीक करतात, मग पुन्हा मोठा, पुन्हा बारीक. चढावर गाडी क्लचवर धरून ठेवावी, तसा तो कुकर धरून ठेवतात. त्यामुळे आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी आमची डाळ कचवट असते आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

हे सुरू झालं २०२१ मध्ये. क्लायंटशी बोलताना मी म्यूट करायला विसरले आणि नेमकी शिट्टी झाली. पलीकडचा गृहस्थ परदेशात बसलेला. त्याने विचारलं, तुमचं घर रेल्वे लाइनला लागून आहे का? सगळे हसले. रात्री जेवताना मी ते घरात सांगितलं, पुन्हा सगळे हसले, सासूबाई सगळ्यांत जास्त. मी गंमत म्हणून सांगितलं होतं, त्यांनी सूचना म्हणून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून शिट्टी बंद.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. मंगळवार, बुधवार, गुरुवार हिंजवडीत आणि सोमवार, शुक्रवार घरून. याला ऑफिसात हायब्रीड म्हणतात. लोक माझा हेवा करतात आणि करावा असंच ते आहे. कोथरूडहून हिंजवडी फेज टू अठरा-वीस किलोमीटर. २०१९ मध्ये मला जायला सव्वा तास लागायचा आणि यायला पावणेदोन. चांदणी चौकात कंपनीच्या बसमध्ये बसून मी विणकाम शिकले, एक आख्खा स्वेटर त्या चौकात तयार झाला. पुढे तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या पुलांचं उद्घाटन झालं, आणि आता तिथून गाडी सरळ निघून जाते. निघून जाते आणि वाकडला जाऊन उभी राहते. कोंडी मोडली नाही, चार स्टॉप पुढे सरकली इतकंच. ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली आहे.

आठवड्यात दोन दिवस तीन-तीन तास, म्हणजे सहा तास वाचले. सुरुवातीला मी खरंच ते जपून वापरले. सकाळी एआरएआयच्या टेकडीवर जायचे, परत येऊन अंघोळ करून पोहे खाऊन साडेनऊच्या स्टँड-अपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला बसायचे. सहा महिन्यांनी तो स्टँड-अप साडेआठला आला. कारण विचारलं तर उत्तर असं की आता कुणाला प्रवास करायचा नसतो ना. टेकडी सुटली. विणकामही सुटलं, कारण त्याला चांदणी चौक लागतो.

मार्च २०२० मधला तो आठवडा आठवतो. जनता कर्फ्यूच्या आधी दोन-तीन दिवस. आमचं ऑफिस सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात. सेझची हद्द म्हणजे करांच्या हिशेबात जवळजवळ परदेश, तिथलं यंत्र गेटबाहेर न्यायचं तर कागद लागतो. एरवी लॅपटॉप घरी न्यायलासुद्धा गेटपास. त्या आठवड्यात अख्खे डेस्कटॉप, मॉनिटर, केबलींची भेंडोळी टेम्पोत भरून लोकांच्या घरी गेली. सरकारने सेझसाठी घरून कामाचा रीतसर नियम आणला तो जुलै २०२२ मध्ये, तोही जास्तीत जास्त निम्म्या लोकांना आणि एक वर्षासाठी. एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत फक्त पंचवीस टक्के लोक ऑफिसातून काम करतील. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत तिथेही पाचही दिवस या असं सांगणं सुरू झालं. सगळ्यांनीच त्या काळात भविष्य सांगितलं आणि सगळ्यांचंच चुकलं, माझंही. मी तर घरात ऑफिसची खुर्ची विकत घेतली होती, चौदा हजारांची.

परत बोलावलं तेव्हा माझी जागा गेली होती. जागा म्हणजे नोकरी नव्हे, बसायची जागा. आता ॲपवर रोज सीट बुक करायची. रिसेप्शनला पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला, वर माझं नाव. आत चहाचा मग, पितळी गणपती, एक स्वेटर (चांदणी चौकातलाच) आणि टेबलावरचं कॅलेंडर, मार्च महिन्याचं पान वर. खोका घेऊन मी कुठे जाऊ, ठेवायला ड्रॉवरच नव्हता. तो तसाच बसने घरी आणला.

आता या सगळ्यात जी एक गोष्ट मी कुणालाही वजा करू देणार नाही, ती सांगते.

२०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या वडिलांचं, अप्पांचं दुखणं वाढलं. अप्पा कऱ्हाडला. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाल्यावर गावाकडची दोन एकर बघायचे. मी मॅनेजरला विचारलं, त्याने नियमाकडे काणाडोळा केला आणि मी सात आठवडे कऱ्हाडहून काम केलं. त्यांच्याच खोलीत, खिडकीशी टेबल. ते पडल्यापडल्या माझे कॉल ऐकायचे. इंग्रजी कळायचं नाही, पण फोन संपला की म्हणायचे, ‘आज कुणावर तरी चिडलीस तू. आवाज बारीक झाला की तू चिडलेली असतीस.’ वीस वर्षांत हे माझ्या एकाही सहकाऱ्याला कळलेलं नाही.

एकदा त्यांनी विचारलं, ‘तुमच्या या पद्धतीला म्हणतात काय?’

‘हायब्रीड.’

ते हसले. त्यांच्या पिढीला हायब्रीड म्हणजे ज्वारी. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण आलं आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत खरिपात सगळीकडे तेच झालं. बुटकी ताटं, भरगच्च कणसं. दुष्काळात तिने माणसं जगवली, हे ते कधी नाकारायचे नाहीत. पण भाकरीला चव नाही म्हणायचे, आणि ताट बुटकं म्हणून वैरण कमी. ‘दाणा लई, कडबा न्हाई,’ असं घरातल्या जुन्या बायका म्हणायच्या म्हणे. ‘माणसं खूश होती, पोरी. पोत्यानं दाणं यायचं. बैलांना कुणी विचारलं नव्हतं.’ एवढं बोलून ते दमले आणि डोळे मिटून पडले. मला सव्वाबाराचा कॉल होता.

एप्रिलमधल्या एका बुधवारी सकाळी सव्वाआठला ते गेले. मी तीन हातांवर होते. जुन्या पद्धतीत मी त्या वेळी चांदणी चौकात असते.

त्यानंतर बरेच महिने कुणी हायब्रीडविरुद्ध बोललं की मला राग यायचा. ‘ऑफिसची संस्कृती’, ‘टीम स्पिरिट’ वगैरे शब्द काढणारे बहुतेक ऑफिसपासून दहा मिनिटांवर राहतात, नाहीतर त्यांना ड्रायव्हर असतो. अजूनही माझं तेच मत आहे. पण कडबा डोक्यातून गेला नाही. बैल कोण, हे मी आपोआप शोधायला लागले.

पहिला सापडला तो रात्रीच्या कॉलमध्ये, आणि तो मीच होते. आपल्याकडच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घरापर्यंत पोचवायची सोय हवी. त्यामुळे ऑफिसात असताना नऊ वाजत आले की मॅनेजर घड्याळ बघायचा. कॅबची विनंती टाकायची, सोबत सिक्युरिटी गार्ड, खर्च त्याच्या प्रोजेक्टच्या नावावर. या कटकटीपायी ‘जाऊ दे, उद्या बघू’ हे शब्द त्याच्या तोंडून निघायचे. मला वाटायचं, माणूस चांगला आहे. घरून रात्री साडेदहाच्या कॉलला कॅब लागत नाही. मग तो कॉल होतोच. कायदा आपल्या जागी आहे, माणूसही तितकाच चांगला आहे. गेली ती फक्त कॅब, आणि आडवी पडत होती ती कॅबच.

दुसरा बैल कोण ते सांगायला मला २००४ मध्ये जावं लागेल. मी नवी होते. माझ्या शेजारी एक सिनियर बाई बसायच्या, मधे कमरेएवढं पार्टिशन. त्यांनी मला मुद्दाम बसवून असं काहीच शिकवलं नाही, तेवढा त्यांना वेळच नसायचा. पण त्या फोनवर बोलायच्या ते माझ्या कानावर पडायचं. क्लायंट काहीतरी अशक्य मागायचा. ‘होणार नाही’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, हे शुक्रवारी देते, पण मग ते दुसरं सोमवारवर जाईल, तुम्हाला आधी कुठलं हवं? एवढं बोलून गप्प. पलीकडचा बोलेपर्यंत गप्पच. आणि फोन ठेवल्यावर रिसीव्हरवर हात तसाच ठेवून अर्धा मिनिट बसून राहायच्या. त्या अर्ध्या मिनिटाने मला कळलं की त्यांनाही भीती वाटते. आज मी क्लायंटशी जशी बोलते ती सगळी त्यांची उसनवारी आहे. त्यांना हे माहीतही नसेल.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, लातूरकडचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लागला. लॅपटॉप कुरिअरने घरी गेला, ट्रेनिंग ऑनलाइन. पहिले चौदा-पंधरा महिने त्याने गावाकडून काम केलं, रेंजसाठी गच्चीवर बसून. हुशार आहे आणि अबोल आहे. पुण्यात आल्यावरची गोष्ट. एक टेस्ट त्याच्याकडे सारखी फेल होत होती. सोमवार गेला, मंगळवारी तो आजारी म्हणून घरी होता तरी त्याच्यावरच बसला होता, बुधवारी ऑफिसात माझ्यासमोर आला तेव्हा चेहरा उतरलेला. मी स्क्रीन बघितली. आमच्या टेस्ट सर्व्हरवरचा डेटा दर रविवारी रात्री पुसून नव्याने भरतात, जुने ग्राहक क्रमांक सोमवारपासून चालत नाहीत. हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि प्रत्येकाला माहीत आहे म्हणूनच ते कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पाच मिनिटांचं काम.

‘अरे, विचारलं का नाहीस?’

‘मॅम, तुमच्या नावापुढे लाल टिपका होता.’

‘दोन दिवस?’

‘हो मॅम. दोन्ही दिवस.’

लाल टिपका म्हणजे मी कॉलवर. कॉलवर असताना मी निम्मा वेळ दुसरंच काम करत असते, हे त्याला कसं कळणार? शेजारी बसला असता तर दिसलं असतं. खरं म्हणजे विचारावंसुद्धा लागलं नसतं. सोमवारी सकाळी कुणीतरी वैतागून ‘परत पुसला का रे डेटा?’ असं ओरडलं असतं आणि त्याच्या कानावर पडलं असतं.

नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस या तीन अर्थतज्ज्ञ बायकांचा एका मोठ्या अमेरिकन कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवरचा अभ्यास आहे. काही टीम एकाच इमारतीत बसायच्या, काही दोन इमारतींत विभागलेल्या. एकत्र बसणाऱ्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांकडून जास्त शेरे मिळायचे, आणि सर्वांत जास्त फायदा नव्यांना आणि बायकांना व्हायचा. इथपर्यंत कुणीही म्हणेल, त्यात काय नवल. मला टोचलं ते पुढचं. एकत्र बसल्यावर अनुभवी लोकांचं स्वतःचं काम कमी व्हायचं, कारण त्यांचा वेळ दुसऱ्यांना सांगण्यात जायचा.

म्हणजे मी घरून जास्त काम करते असं जे मला वाटतं, ते खरंच आहे. त्या वर्षी मला रेटिंगही उत्तम मिळालं. त्या उत्तममध्ये त्या मुलाचे दोन दिवस होते, गच्चीवरचे महिने तर वेगळेच. माझ्याकडे दाणा भरपूर आला.

आता दुसरी बाजू दडपून ठेवणं बरं नव्हे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ लोकांवर प्रयोग केला, निम्म्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम. २०२४ मध्ये तो छापून आला. कामाच्या दर्जात फरक नाही, बढत्यांत फरक नाही, आणि नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्यातही विशेषकरून बायका, मॅनेजर नसलेले आणि लांबून येणारे. यातलं लांबून येणं आणि बाई असणं मला तंतोतंत लागू आहे. पाचही दिवस या असं त्यांनी मला सांगितलं असतं तर मी २०२३ मध्येच राजीनामा दिला असता, आणि मग त्या मुलाला लाल टिपकासुद्धा दिसला नसता. त्यामुळे हा हिशेब एका रकमेवर येऊन थांबेल असं मला वाटत नाही. फक्त ज्या खात्यात जमा होतं त्याच खात्यातून वजा होत नाही, एवढं नक्की.

(फेज टूच्या गेटबाहेर एक पोहेवाले काका आहेत. मंगळ, बुध, गुरू पोहे-उपीट दोन्ही. सोमवारी आणि शुक्रवारी फक्त चहा. एचआरच्या आधी त्यांना आमचं पत्रक कळतं. कुणाची टीम कुठल्या वारी येते ते त्यांना विचारावं.)

तिसरा बैल सापडला तो गेल्या जुलैत, शुक्रवारी. अकराचा कॉल ऐनवेळी रद्द झाला म्हणून मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. सासूबाई नव्हत्या. देवघरात नाहीत, गॅलरीत नाहीत. दार नुसतं लोटलेलं. बाहेर डोकावले तर खालून आवाज. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या जिन्यात, पायरीवर वर्तमानपत्र घालून त्या बसल्या होत्या, कानाला फोन. सांगलीच्या बहिणीशी बोलत होत्या. मला बघून चोरी पकडल्यासारख्या उठल्या.

‘झाली होय मीटिंग? आज लवकर?’

‘आई, इथे काय करताय?’

‘काही नाही गं. इथे रेंज चांगली येते.’

आमच्या जिन्यात रेंज अजिबात येत नाही. फोन वायफायवर, दाराच्या फटीतून जेवढं येईल तेवढ्यावर चालला होता. मी विचारत गेले आणि एकेक निघत गेलं. बहिणीचा फोन रोज अकराला, गेली तीस वर्षं, आधी लँडलाइनवर. त्या मोठ्याने बोलतात, बहिणीला कमी ऐकू येतं. मग आमच्या हॉलमधून, माझ्या टेबलापासून सहा फुटांवरून, कसं बोलणार? ओट्यावरचा ट्रान्झिस्टर सकाळी लागायचा, तोही माळ्यावर गेला होता. मला वाटत होतं बिघडला. आणि बुधवारी आमच्या हॉलमध्ये भजनी मंडळाची तालीम असते, पेटीसकट, बारा-तेरा बायका. दोन वर्षांपासून. मला पत्ताच नाही, कारण बुधवारी मी हिंजवडीत.

‘मला सांगितलं का नाही?’

‘सांगायचं काय त्यात? तू असतेस तेव्हा कसं बोलवायचं बायकांना? मंगळवार, बुधवार, गुरुवार तुम्ही सगळे बाहेर असता. तेव्हा आमचं घर सुरू होतं.’

म्हणजे त्यांचाही हायब्रीड ठरलेला होता. तीन दिवस घरून, दोन दिवस जिन्यातून.

मी त्या दिवशी फार काही बोलले नाही. शनिवारी नवऱ्याला घेऊन टेबल आणि ती चौदा हजारांची खुर्ची हॉलमधून उचलून बेडरूममध्ये नेली, कपाट आणि पलंगाच्या मधे. तिथे आडवं वळता येत नाही आणि दुपारी उकडतं. ट्रान्झिस्टर खाली काढला, सेल घातले. सासूबाईंना म्हटलं, शिट्टी होऊ दे.

‘आणि तो क्लायंट? त्याला काय वाटेल?’

‘त्याच्याकडे गेली दोन वर्षं कुत्रा भुंकतोय, आई. आपल्याला काही वाटतं का?’

त्यांना ते पटलं नाही. पुढचे तीन-चार आठवडे कुकर नऊलाच लागत राहिला. सवयीला सांगून काही होत नाही. ऑफिसातही मी मंगळवारी सीट बुक करताना त्या मुलाच्या शेजारचीच घ्यायला लागले आणि क्लायंटचा फोन मीटिंग रूममध्ये न नेता तिथेच बसून घ्यायला लागले. त्यामुळे मागच्या तिमाहीत माझं काम कमी झालं. मॅनेजरने विचारलं, सगळं ठीक ना?

परवा सोमवारी साडेदहाच्या कॉलमध्ये मी बोलत होते, रिलीज एक आठवडा पुढे का जाईल ते समजावून. बंद दारातून शिट्टी ऐकू आली. मी बोलत राहिले. दुसरी झाली. पलीकडचा क्लायंट गप्प, बहुधा रेल्वे जाऊ देत असावा. चॅटमध्ये त्या मुलाचा मेसेज आला. आपण होऊन त्याने मला पाठवलेला हा बहुतेक पहिलाच.

‘मॅम, तिसरी झाली. डाळ असेल तर बंद करा.’

मी म्यूट करून बाहेर गेले, गॅस बंद केला. सासूबाई हॉलमध्ये खिडकीशी बसून सांगलीला पाऊस किती झाला ते विचारत होत्या, खणखणीत आवाजात.